ॲमेझॉनवर टॉवेल-चादरी विकताय? बाहेरचं ॲप असं जोडा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत नाहीतर पूर्व भागात ज्यांचं टॉवेल-चादरीचं काम आहे आणि जे आता ऑनलाईन पण विकायला लागलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. रोजच्या ऑर्डरी एक्सेलमधे उतरवायच्या, स्टॉक हाताने कमी करायचा, हे थोड्या ऑर्डरींना चालतं, दिवाळीच्या सेलमधे नाही चालत. तेव्हा थर्ड पार्टी ॲप, म्हणजे ॲमेझॉनचं नाही तर बाहेरच्या कंपनीचं ऑर्डर-स्टॉक सांभाळणारं ॲप, लागतंच. घ्या की, फक्त नीट जोडा.

आधी हे कसं चालतं ते बघा. ॲमेझॉनने 2002 मधेच वेब सर्व्हिस, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडनं माहिती घ्यायची सोय, काढून बाहेरच्या प्रोग्रामरना कॅटलॉगची माहिती द्यायला सुरुवात केली होती. आज सेलरसाठी जी आहे तिला सेलिंग पार्टनर एपीआय म्हणतात, ऑर्डर, स्टॉक, भाव हे सगळं ॲपला तिथनंच मिळतं. तिच्या आधीची अशीच सोय, एमडब्ल्यूएस, 2024 च्या मार्चअखेर बंद झाली, म्हणून कोणी अजून एमडब्ल्यूएसचं टोकन (ॲपला आत यायची डिजिटल किल्ली) मागत असेल तर त्याचं ॲप जुनं आहे, सोडून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ॲप जोडायला पासवर्ड द्यावा लागत नाही. ॲप तुम्हाला सेलर सेंट्रलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या सेलर अकाउंटच्या साईटवर, पाठवतं, लॉगिन तुम्ही तिथंच करता, कुठल्या कुठल्या परवानग्या हव्यात ते स्क्रीनवर दिसतं, तुम्ही हो म्हटलं की ॲपला टोकन मिळतं, पासवर्ड त्याला कधीच कळत नाही. "पासवर्ड आणि ओटीपी सांगा, आम्ही सेट करून देतो" असं कोणी म्हणालं तर कृपा करून देऊ नका, त्या अकाउंटमधे तुमचं बँक खातं असतं, सगळा धंदा असतो. हाताखालच्या पोराला काम द्यायचंय तर यूजर परमिशन्समधे जाऊन त्याचं वेगळं लॉगिन काढा.

परवानग्यांची यादी शांतपणे वाचा. फक्त विक्रीचा रिपोर्ट दाखवणाऱ्या ॲपला गिऱ्हाईकाचा पत्ता कशाला पाहिजे? पार्सलचं लेबल छापणाऱ्या ॲपला लागतो, पण त्यानेही डिलिव्हरीनंतर 30 दिवसांपेक्षा जास्त तो ठेवायचा नाही असा ॲमेझॉनचा नियम आहे, सरळ विचारा की तुम्ही कधी पुसता म्हणून.

मग एसकेयू, म्हणजे प्रत्येक मालाचा तुम्ही दिलेला कोड. इथं खरी मेहनत आहे. एकच डिझाईन सिंगल, डबल, चार रंगात, परत टॉवेलचा दोनचा सेट, सहाचा सेट, आणि गोडाऊनच्या वहीत नाव एक, ॲमेझॉनवर दुसरं, तर ॲप काय जुळवणार. सगळीकडे कोड एकच ठेवा, स्पेस आणि डॅशसकट. सहाच्या सेटची एक ऑर्डर आली की सुट्या टॉवेलचा स्टॉक सहाने कमी होतो का, हे ट्रायलमधेच तपासून घ्या, पैसे भरायच्या आधी.

स्टॉक त्याच सेकंदाला अपडेट होईल असं मात्र धरू नका. ॲपने किती वेळा माहिती मागायची याला ॲमेझॉनची मर्यादा असते, ती ओलांडली की 429 एरर येते आणि ॲप थांबून परत विचारतं. शिवाय चाटी गल्लीतल्या दुकानात काउंटरवर विकलेला माल बिलात चढल्याशिवाय ॲपला कळतच नाही. म्हणून जोरात खपणाऱ्या मालाचे थोडे नग ऑनलाईन दाखवूच नका, राखून ठेवा.

भाव आपोआप बदलणारं ॲप लावणार असाल तर ज्याच्या खाली जायचं नाही ती किंमत आधी टाका. चादर जड असते, शिपिंग वजनावर लागतं, कमिशन आणि रिटर्नचा खर्च वेगळा, हे सगळं धरून आकडा काढा, नाहीतर दुसऱ्याने भाव पाडला की ॲप तुमचा पण पाडत जाणार आणि प्रत्येक नगामागे तोटा. दुसऱ्यांचे भाव आधी कसे कसे बदलले ते बघायला कीपा नावाची साईट आहे, त्यासाठी सेलर अकाउंट जोडायचीही गरज नाही.

ॲपला दिलेली परवानगी एक वर्ष चालते, मग परत द्यावी लागते. तारीख कॅलेंडरमधे टाका, ऐन सणात संपली तर स्टॉक अपडेट व्हायचा बंद होतो. आणि ॲप सोडलं तर नुसतं पैसे भरणं थांबवून भागत नाही, सेलर सेंट्रलमधे मॅनेज युवर ॲप्समधे जाऊन त्याची परवानगी काढून टाका.