सहा हजारी शिखराचं वेड: पहिली मोहीम निवडताना या चुका टाळा

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "सर, केदारकांठा झालाय. आता एक सहा हजारी करायचंय. त्यातल्या त्यात सोपं कोणतं?" शिखराचं नाव काय, रस्ता कसा, बर्फ किती, यातलं काही नाही, फक्त आकडा. ३८१० मीटरच्या केदारकांठावरून, तेही आखलेल्या वाटेने रांगेत चालून आल्यावर, थेट सहा हजार. मधले दोन हजार मीटर कुठे गेले, हे विचारलं की समोरचा जरा नाराज होतो.

आकडा बघून शिखर निवडणं ही सगळ्यात जुनी चूक आणि ती दर वर्षी नव्या उत्साहाने होते. मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक ५२८९ मीटरचं आहे. मनाली-लेह रस्त्यावरची बारालाचा ला ही खिंड ओलांडल्यावर भरतपूरच्या मुक्कामाच्या माथ्यावर येणारं युनाम ६१०० च्या वर. कागदावर युनाम मोठं दिसतं. पण ऐन मोसमात युनामची बरीचशी चढण म्हणजे घसारा, नुसते सुटे दगड. दम टिकला आणि उंची मानवली तर माणूस वर पोचतो. फ्रेंडशिपला मात्र उभा बर्फ, हिमभेगा, दोर, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे लोखंडी दात), आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) असं सगळं लागतं. म्हणून युनाम सोपं, असंही नाही. तिथं गाडी तुम्हाला थेट साडेचार हजार मीटरच्या पुढे नेऊन उतरवते. मनाली दोन हजारांच्या आसपास. मधे जिस्पा-केलाँगला दोन रात्री न काढता जो वर जातो, तो तंबूत डोकं धरून बसतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला खाली आणावं लागतं.

सहा हजारांच्या आतलं ते किरकोळ, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आणखी एक. द्रौपदी का दांडा-२ हे शिखर ५६७० मीटरचं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी तिथं उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं. गेलेल्यांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल होती. ती त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढून आली होती.

मी स्वतः शिखराची उंची शेवटी बघतो. आधी बघतो समिटचा, म्हणजे माथा गाठायचा, दिवस. लडाखमधलं कांग यात्से-२ घ्या. बेस कॅम्प सुमारे ५१०० मीटरवर, माथा ६२५० च्या आसपास. म्हणजे एका रात्रीत अकराशे मीटर चढायचं आणि त्याच दिवशी उतरायचं. बारीतून कळसूबाई चढतो त्याहून थोडं जास्तच, पण साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, पायात जड स्नो बूट असतात आणि रात्री नीट झोप झालेली नसते. हे चित्र डोळ्यांपुढे आणा आणि मग पैसे भरा.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. "क्रॅम्पॉन वगैरे तिथं शिकवतात ना!"

फ्रेंडशिपलाच आमच्या गटात एक मुलगा होता. मॅरेथॉन चार तासांच्या आत पळणारा. धुंडीपासून बाकरथाचपर्यंत सगळ्यांच्या पुढे, लेडी लेगच्या कॅम्पवर पोचून बाकीचे धापा टाकत असताना हा फोटो काढत होता. दुपारी सराव ठेवला होता. पाय पसरून कसं चालायचं, घसरलं तर अ‍ॅक्स छातीशी धरून अंग बर्फावर कसं दाबायचं. याने दोनदा केलं आणि "समजलं" म्हणून तंबूत गेला. मध्यरात्री निघालो. वर उतारावर आडवं जाताना त्याच्या एका पायाच्या क्रॅम्पॉनचा दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकला. तो पडला आणि घसरत सुटला. अ‍ॅक्स हातात होती, पण तिचं काय करायचं ते त्या क्षणी आठवलं नाही. आठवणारही नव्हतं, कारण ती गोष्ट आठवून करायची नसतेच, हातानेच करायची असते. त्याच्यासोबत एकाच दोराला बांधलेल्या गाइडने स्वतःला बर्फात गाडून घेतलं म्हणून सगळे थांबले. गुडघा दुखावला होता. त्याला खाली न्यायला एक गाइड लागला. तो गाइड गेल्यावर त्या दोरावरच्या बाकीच्यांनाही परत फिरावं लागलं. त्यातली एक बाई त्या मोहिमेसाठी वर्षभर पैसे साठवत होती. तिचा काय दोष?

याची फुप्फुसं त्या गटात सगळ्यात चांगली होती, हे लक्षात घ्या. फिटनेस आणि कौशल्य ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही.

म्हणून बर्फातलं तांत्रिक शिखर करायचं असेल तर आधी पर्वतारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली, पहलगाम, कुठेही. जवळपास महिना जातो, पाठीवर बोजा घेऊन रोज चालवतात, तेच तेच करून घेतात, कंटाळा येतो. तो कंटाळाच कामाला येतो. 'ए' ग्रेड मिळाली तर पुढे अ‍ॅडव्हान्स करता येतो. महिनाभर रजा मिळत नाही म्हणणाऱ्यांनी दोन दिवसांची कार्यशाळा शोधत बसू नये. त्यांनी पासचे, म्हणजे उंच खिंडी ओलांडायचे, ट्रेक करावेत. हामटा ४२७० मीटर, मग रुपिन ४६५०, पुढच्या वर्षी अंग साथ देतंय असं दिसलं तर पिन पार्वती ५३१९. यात काय कमी आहे?

सरावाबद्दल मला लांब व्याख्यान द्यायचं नाही. जिममधलं ट्रेडमिल चालेल, पण मी सिंहगडच धरतो. सॅकमध्ये दहा-बारा किलो, आतकरवाडीतून वर, खाली, पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी परत. पहिल्या दिवसाची वेळ कुणी मला सांगू नये. दुसऱ्या दिवशी उतरताना मांड्या थरथरत असतील तर अजून तयारी झालेली नाही. गुडघे कुरकुरत असतील तर वजन पाण्याच्या बाटल्यांचंच घ्या, माथ्यावर पाणी ओतून द्या आणि रिकामे उतरा.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणूनची गोळी, डॉक्टरांना विचारून घ्या, पण ती गोळी घेऊन एक दिवस वाचवायचा विचार असेल तर घरी बसा. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथंच. विमानाने लेहला उतरलात तर तुम्ही ३५०० मीटरवर आहात; पहिले दोन दिवस बाजारातही हळू चाला.

माहितीपत्रकातलं 'मॉडरेट' वाचून निवड करू नका. आयोजकाला विचारा: एका दोरावर किती जण, किती गाइड, परत फिरायची वेळ ठरलेली आहे का, राखीव दिवस किती. शेवटच्या प्रश्नाला "हवामान चांगलंच असतं" असं उत्तर आलं तर दुसरा आयोजक बघा.

लडाखमधल्या स्टोक कांगरी शिखराबद्दल अजूनही विचारणा होते. ते २०२० पासून बंद आहे. त्याच्या जुन्या व्हिडिओंवरून इतर शिखरांचा अंदाज बांधू नका.

आणि परतीचं विमान समिटच्या तिसऱ्या दिवशीचं काढू नका. तिकीट जाईल या भीतीने वादळात वर निघालेली माणसं मी पाहिली आहेत.