पहिलं कार्ड कुठलं घ्यावं, डेबिट का क्रेडिट? सोलापुरात नवीन कमावायला लागलेल्यांसाठी

कॉलेज संपवून कोण चिंचोळी एमआयडीसीत लागतंय, कोण अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, कोण गारमेंटमधे युनिफॉर्म शिवायला बसतंय, आणि पहिला पगार खात्यात पडला की थोड्याच दिवसात फोन येतो, सर तुम्हाला क्रेडिट कार्ड मंजूर झालंय, लाइफटाइम फ्री आहे, फक्त ओटीपी सांगा. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही, बँकेचं नाव घेऊन बोलणाऱ्याला पण नाही. पण डेबिट हातात असताना क्रेडिट घ्यावं का, हा प्रश्न खरा आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर कार्डात नाही, तुमच्या आवकेत आहे.

आधी फरक समजून घ्या. डेबिट कार्ड म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली, स्वाइप केलं की त्याच क्षणी तुमचे पैसे गेले, नसतील तर व्यवहारच होत नाही. क्रेडिट कार्डात दुकानदाराला बँक पैसे देते आणि ते तुमच्यावर कर्ज म्हणून लागतात. महिन्याच्या एका ठराविक तारखेला बिल बनतं आणि त्यानंतर साधारण २० दिवसात ते भरायचं असतंय. समजा बिल दर महिन्याच्या २० तारखेला बनतं. २१ मे ला खरेदी केली तर ती २० जूनच्या बिलात येणार आणि पैसे १० जुलैपर्यंत भरायचे, म्हणजे ५० दिवस बिनव्याजी. तीच खरेदी १९ मे ला केली तर ९ जूनलाच भरायची, हातात फक्त २१ दिवस. म्हणून "५० दिवस फ्री" असं कुणी सांगितलं तर ते प्रत्येक खरेदीला लागू नाही हे ध्यानात ठेवा.

आता आवकेचं. आपल्याकडे खूप जणांचा पगार फिक्स नसतो. युनिफॉर्मचं काम शाळा सुरू व्हायच्या आधी जोरात असतंय, त्या महिन्यात पीसवर काम करणाऱ्याला दुप्पट पण मिळतील, आणि नंतर मंदी. बिलाची तारीख मात्र मंदी बघून पुढं जात नाही. म्हणून पीसरेटवर, रोजंदारीवर किंवा कमिशनवर असाल तर पहिलं वर्ष डेबिटवरच काढा असं मी ठामपणे सांगेन. ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो, आणि तीन-चार महिने सलग महिनाअखेर खात्यात काहीतरी शिल्लक राहतंय, त्यानं क्रेडिट कार्डाचा विचार करावा. शिल्लक राहत नसेल तर कार्ड ती कमी भरून काढणार नाही, उलट वाढवेल.

कसं वाढवेल ते आकड्यात बघा, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, एक पूर्ण बिलाची आणि एक "मिनिमम ड्यू", म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, जी साधारण ५ टक्के असते. उन्हाळ्यात २०,००० चा फ्रिज घेतला, बिल आलं, तुम्ही मिनिमम १,००० भरले आणि वाटलं चला या महिन्याचं भागलं. लेट फी लागत नाही हे खरं, पण व्याज सुरू होतं, तेही खरेदीच्या तारखेपासून. बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतंय, म्हणजे वर्षाला ४२. वीस हजारावर एका महिन्याचे ७०० झाले, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १२६, एकूण ८२६. म्हणजे भरलेल्या हजारातले पावणेदोनशेच कर्जात वळते झाले. आणि वरून पूर्ण बिल फिटेपर्यंत नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी पेट्रोल टाकलं तर त्यावर पण पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून कार्ड घेतल्या दिवशीच ॲपमधे ऑटो डेबिट लावायचं, म्हणजे बिल खात्यातून आपोआप कापलं जातं, आणि त्यात "मिनिमम" नाही, "टोटल ड्यू" निवडायचं. फॉर्ममधे ही टिक घाईत चुकीची पडते, दोनदा बघा.

क्रेडिट कार्डनं एटीएममधून कॅश कधीच काढू नका. फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून. कॅश पाहिजे तर डेबिट. आपलं शहर आरबीआयच्या मेट्रो, म्हणजे महानगरांच्या, यादीत येत नाही त्यामुळं दुसऱ्या बँकेच्या एटीएमला पण महिन्याला ५ व्यवहार फ्री असतात, त्यानंतर मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर टॅक्स लागतो.

डेबिट फ्रीच असतं असं समजू नका, बहुतेक बँका वर्षाची फी खात्यातून परस्पर कापतात, पासबुक भरून आणलं की ती ओळ शोधा. आणि घरात कुणाचं जनधन खातं असेल तर त्यावरच्या रुपे कार्डाला अपघात विमा असतो, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याला २ लाखांचा, पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसात कार्डावर एक तरी व्यवहार झालेला पाहिजे. आईचं कार्ड कपाटात पडून असेल तर दोन महिन्यातून एकदा एटीएमला वापरायला सांगा, खरंच सांगा, घरोघरी हे माहीत नसतं.

सुरक्षेच्या बाजूनं मात्र क्रेडिट बरं पडतं. फसवणूक झाली तर डेबिटमधे तुमच्या खात्यातली रक्कम गेलेली असते, घरभाडं त्यातूनच द्यायचं असतं आणि परत येईपर्यंत तुम्ही अडकता. क्रेडिटमधे पैसे बँकेचे असतात, बिल भरायच्या आधी तुम्ही हा व्यवहार माझा नाही म्हणून तक्रार करू शकता. दोन्ही कार्डांना आरबीआयचा २०१७ चा नियम आहे, चूक तुमची नसेल आणि बाहेरच्या कुणीतरी केलेला व्यवहार ३ कामाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवला तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून आधी कार्ड ब्लॉक, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, घरात चर्चा त्यानंतर. ॲपमधे ऑनलाइन, इंटरनॅशनल, टॅप करून पेमेंट हे सगळं चालू-बंद करता येतं, जे लागत नाही ते बंदच ठेवा, कारण टॅपला ५,००० पर्यंत पिन मागत नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एवढ्या गर्दीत पाकीट पडलं तर हे बंद असलेलं बरं.

रुपे क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं, दुकानदाराला पैसे जातात, मित्राला नाही. सोयीचं आहे, पण नवख्यानं सुरुवातीला जोडू नये असं मला वाटतं, कारण चहा-नाष्ट्याचे चाळीस-पन्नास रुपये उधारीवर जातायत हे जाणवतच नाही आणि बिल आलं की चार पानांचं. आणि मोठ्या खरेदीला काही दुकानदार क्रेडिट कार्डवर २ टक्के जास्त मागतात, बिल करायच्या आधी विचारून घ्या, तेव्हा डेबिट किंवा यूपीआयनं दिलेलं परवडतं.

मग क्रेडिट घ्यायचंच कशाला? पुढं घराला किंवा गाडीला कर्ज लागलं की बँक सिबिल स्कोअर बघते, म्हणजे तुम्ही उधारी कशी फेडता त्याचे गुण, तो ३०० ते ९०० मधे असतो आणि ७५० च्या वर चांगला धरतात. वेळेवर भरलेलं कार्ड त्याला मदत करतं. पण स्कोअर चांगला राहायला कार्डाची लिमिट ४०,००० असेल तर बारा हजाराच्या आत वापरा. पगाराची स्लिप नसेल, किंवा पीसवर काम असून वर्षभरानं तयारी झाली असेल, तर एफडीवर मिळणारं कार्ड घ्या, एफडी बँकेकडं गहाण राहते, तिच्यावर व्याज चालू राहतं आणि लिमिट एफडीच्या आतच असल्यामुळं हात आपोआप आखडतो. पहिलं कार्ड म्हणून मला हेच सगळ्यात आवडतं.

न मागता कार्ड घरी आलं तर चालू करू नका, २०२२ च्या नियमानं बँकेला असं पाठवता येत नाही. घेतलेलं बंद करायचं असेल तर बाकी शून्य करून लेखी किंवा ॲपवरून अर्ज द्या, ७ कामाच्या दिवसात बंद नाही केलं तर त्यानंतर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. पोचपावती जपून ठेवा, आणि महिना-दोन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढून खातं "क्लोज्ड" दाखवतंय का बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.