गाडीतील नेव्हिगेशन यंत्राचा नकाशा अद्ययावत कसा करावा

पुढच्या काचेवर बसवायचे स्वतंत्र नेव्हिगेशन यंत्र वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या, तर बहुतेक तक्रारी दोनच प्रकारच्या निघतात. एक तर यंत्र बंद झालेल्या रस्त्यावर वळायला सांगते, किंवा नवा रस्ता त्याला ठाऊकच नसतो. या दोन्हींचे खापर उपग्रहांवर फोडले जाते, हे चूक आहे. उपग्रहांच्या संदेशांवरून यंत्र फक्त आपली जागा काढते. कुठे वळायचे हे ते स्वतःच्या स्मृतीत साठवलेल्या नकाशावरून ठरवते. पडद्यावरची गाडी रस्ता सोडून शेतातून चाललेली दिसत असेल, तर नकाशा जुना आहे. ती जागीच गोठत असेल किंवा उड्या मारत असेल, तरच संदेश नीट मिळत नाहीत असे समजावे. ही पारख केल्याशिवाय यंत्र दुरुस्तीला नेऊ नये.

बसवणे आणि उपग्रहांशी पहिली जुळणी

काच आणि चोषक (यंत्र काचेला चिकटवून धरणारी रबरी वाटी) दोन्ही स्वच्छ पुसून यंत्र काचेच्या खालच्या कोपऱ्यात, चालकाची नजर आणि एअरबॅगची जागा सोडून बसवावे. काचेवर काही लावण्याबाबत आपल्याकडचा नियम आधी पाहून घ्यावा. काचेला उष्णतारोधक धातूचा थर असेल तर संदेश क्षीण होतात. अशा गाडीत बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय असलेले यंत्रच घ्यावे.

नवे किंवा बरेच दिवस बंद असलेले यंत्र मोकळ्या आकाशाखाली, गाडी उभी ठेवून सुरू करावे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात, उंचीसह अचूक जागा काढायला त्यांपैकी किमान 4 उपग्रहांचे संदेश लागतात आणि सर्व उपग्रहांचे वेळापत्रक असलेला संपूर्ण संदेश मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. तेवढा वेळ द्यावा. ‘गाडी चालवायला लागा, मिळेल आपोआप’ हा सल्ला ऐकू नये. इमारती आणि झाडांमधून जाताना संदेश पुन्हा पुन्हा तुटतो आणि जुळणी लांबत जाते.

नकाशा बदलणे

हा टप्पा मला सुरुवातीला फार जड गेला आणि आजही लोक इथेच अडतात, कारण ‘संगणकाला जोडा आणि बटण दाबा’ यापलीकडे त्यांना कोणी काही सांगत नाही. प्रत्यक्षात बटण दाबण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असावे लागते.

पहिली गोष्ट केबलची. यंत्रासोबत मिळालेली गाडीतील चार्जरची वायर संगणकाला जोडण्यासाठी नसते, आणि घरात पडलेल्या अनेक केबल फक्त वीज वाहून नेतात, माहिती नाही. केबल योग्य असेल तर यंत्राच्या पडद्यावर संगणक जोडल्याची खूण दिसते. ती दिसली नाही तर संगणकावरचे निर्मात्याचे सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा काढून टाकण्यात वेळ घालवू नये, केबल बदलावी. यंत्र थेट संगणकाच्या पोर्टला जोडावे. मध्ये हब (एका पोर्टला अनेक उपकरणे जोडणारी डबी) घालू नये.

दुसरी गोष्ट जतन केलेल्या ठिकाणांची. वर्षानुवर्षे साठवलेले पत्ते नकाशाबरोबर राहतीलच असे गृहीत धरू नये. गार्मिन या कंपनीच्या अनेक यंत्रांत ही ठिकाणे ‘जीपीएक्स’ नावाच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये असतात. ते फोल्डर आधी संगणकावर उतरवून घ्यावे. इतर यंत्रांत बॅकअपची सोय सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि ते टाळणाऱ्यांची हळहळ मी फार वेळा पाहिली आहे.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट जागेची. नकाशे दरवर्षी वाढत जातात, पण यंत्राची अंतर्गत स्मृती खरेदीच्या दिवशी होती तेवढीच राहते, त्यामुळे काही वर्षांनी पूर्ण नकाशा तिच्यात मावेनासा होतो आणि ‘पुरेशी जागा नाही’ हा संदेश येतो. इथे दिला जाणारा सर्वांत घातक सल्ला म्हणजे यंत्राचे फोल्डर उघडून मोठ्या दिसतील त्या फाइल पुसून टाकणे. सर्वांत मोठी फाइल बहुधा नकाशाच असतो, आणि काही अगदी लहान फाइलींमध्ये यंत्राची ओळख नोंदलेली असते. ती गेली की सॉफ्टवेअर यंत्राला ओळखतच नाही. जागा हवीच असेल तर आपण कधीच न ऐकणाऱ्या भाषांचे आवाज आणि परक्या भाषांतली मदतपुस्तिका एवढेच काढावे, तेही आधी संगणकावर प्रत ठेवून. त्यापेक्षा दोन चांगले मार्ग आहेत. पूर्ण खंडाऐवजी आपण खरोखर फिरतो तेवढाच प्रदेश निवडावा, किंवा यंत्रात खाच असेल तर मेमरी कार्ड घालावे. कार्ड घेताना मोठ्यात मोठे घेण्याचा मोह टाळावा. 32 जीबीपर्यंतची कार्डे सहसा फाइली साठवण्याच्या फॅट 32 या पद्धतीने आखलेली असतात आणि ती जुन्या यंत्रांना वाचता येतात. त्याहून मोठी कार्डे एक्सफॅट पद्धतीची येतात आणि अनेक जुनी यंत्रे ती ओळखत नाहीत. फॅट 32 मध्ये एकच फाइल 4 जीबीची मर्यादा ओलांडू शकत नाही, त्यामुळे नकाशाची अवजड फाइल हाताने कार्डावर उतरवायला जाऊ नये. गार्मिन एक्सप्रेस किंवा टॉमटॉमचे मायड्राइव्ह कनेक्ट यांसारखे निर्मात्याचेच सॉफ्टवेअर वापरावे.

आता बटण दाबावे. आधी यंत्राच्या मूळ प्रणालीचे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, अपडेट पूर्ण करावे, मग नकाशाचे. संगणकाची आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करावी, लॅपटॉप विजेला जोडावा आणि काम अशा वेळी सुरू करावे, की पुढचे काही तास यंत्राची गरज पडणार नाही. प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री हे काम कधीही हाती घेऊ नये, हे मी ठासून सांगतो. पडद्यावरची पट्टी बराच वेळ एकाच जागी थांबलेली दिसते, कारण त्या वेळी यंत्राच्या धिम्या स्मृतीवर फाइल लिहिली जात असते. त्या क्षणी केबल ओढली तर यंत्र निर्मात्याच्या चिन्हावरच अडकून राहू शकते.

काम मध्येच तुटलेच, तर यंत्र पुन्हा जोडून त्याच सॉफ्टवेअरला नकाशा नव्याने बसवू द्यावा. ‘फॅक्टरी रीसेट करा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. रीसेटने आपली ठिकाणे आणि पसंती पुसल्या जातात, बिघडलेला नकाशा मात्र दुरुस्त होत नाही.

नकाशा नवा असूनही तारीख किंवा पोहोचण्याची वेळ भलतीच दिसत असेल, तर कारण वेगळे आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा क्रमांक 1024 आठवड्यांनी शून्यावर येतो; असे 6 एप्रिल 2019 रोजी झाले आणि पुढे नोव्हेंबर 2038 मध्ये होईल. ज्या यंत्रांची प्रणाली त्यानुसार सुधारलेली नाही ती सुमारे 19.6 वर्षे मागची तारीख दाखवतात. प्रणालीचे अपडेट उपलब्ध नसेल, तर त्या यंत्राच्या वेळेवर विसंबू नये.

‘आजीवन नकाशे’ या शब्दांचा अर्थही खरेदीपूर्वी वाचून घ्यावा. तिथले आयुष्य यंत्राचे असते: निर्माता त्या मॉडेलसाठी नकाशे काढत राहील तोवरच ते मिळतात. जुने यंत्र विकत घेताना विक्रेत्यासमोर ते संगणकाला जोडून अपडेट मिळते का, हे पाहणे मी अनिवार्य मानतो.

पडताळणी आणि पसंती

नकाशाच्या माहितीच्या पानावर नवी आवृत्ती दिसते का ते पाहावे आणि आपल्या भागात अलीकडे झालेल्या एखाद्या रस्त्यावरून मार्ग काढून बघावा. ‘कमीत कमी अंतर’ ही निवड बंदच ठेवावी. काही मीटर वाचवण्यासाठी ती गाडीला अरुंद गल्ल्यांत घालते. ‘कमीत कमी वेळ’ निवडावे, आणि कच्चे रस्ते टाळण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

सांभाळ

यंत्र उन्हात तापणाऱ्या गाडीत सोडू नये, कारण उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी लवकर निकामी होते. ते काढताना काचेवरचा चोषकाचा गोल डागही पुसावा, कारण आत यंत्र ठेवलेले असावे असा अंदाज चोर त्यावरूनच बांधतो. यंत्र काही महिने लागणार नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये, साधारण निम्मी भरलेली ठेवावी.