धूमकेतूच्या केंद्रकाचा आकार काढताना या चुका टाळा

धूमकेतूच्या केंद्रकाचा, म्हणजे मधल्या घन गोळ्याचा, व्यास काढायचं गणित दोन ओळींचं आहे. १३२९ ला अल्बेडोच्या (पडलेल्या प्रकाशाचा परत फेकला जाणारा हिस्सा) वर्गमुळाने भागायचं, निरपेक्ष प्रतीला (ठरावीक अंतरावर धरलेली चमक; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) ५ ने भागून १० चा तेवढा उणे घात काढायचा आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. प्रत १५, अल्बेडो ०.०४ असेल तर ६.६ किमी. गडबड होते ती आपण त्यात कुठला प्रकाश घालतो यावरून.

माझा पहिला धूमकेतू ६६ किमीचा निघाला होता! नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या माहितीकोशात एम१ आणि एम२ अशा दोन प्रती असतात. एम१ कोमासकट (केंद्रकाभोवतीचा वायू-धुळीचा ढग) अख्ख्या धूमकेतूची, एम२ केंद्रकाची. मी डोळे झाकून एम१ घेतली. प्रतीत ५ चा फरक पडला, तर प्रकाश १०० पट आणि व्यास १० पट होतो. एम२ वरही फार विसंबू नका, तिच्यातही कोमा शिरलेला असू शकतो.

‘पण मी तर फक्त मधला ठिपकाच मोजला!’ असं बरेच जण म्हणतात. तो ठिपका म्हणजे केंद्रक नव्हे. १ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर) दूर १ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे ७२५ किमी, आणि जमिनीवरून चांगल्या रात्रीही तारा साधारण तेवढा पसरतोच. म्हणजे पाच किमीचा गोळा सातशे किमीच्या धुळीत बुडालेला. हबल अवकाश दुर्बिणीचा ०.०४ आर्कसेकंदाचा पिक्सेलसुद्धा तिथे २९ किमीचा होतो. म्हणून हबलच्या चित्रांतही बाहेरच्या कोमाची चमक कशी उतरते ते बघून तोच उतार आतपर्यंत ओढतात, तेवढा प्रकाश वजा करतात आणि जे उरेल ते केंद्रकाचं धरतात. कधीकधी फक्त कमाल मर्यादाच हाती लागते. २०२५ मध्ये ३आय/ॲटलस या धूमकेतूसाठी हबलवरून आलेला ५.६ किमी हा आकडा तसाच होता, पण तोच त्याचा व्यास म्हणून सर्रास सांगितला गेला.

स्वतःच्या चित्रात कोमा आहे का, हे तपासायचं असेल तर ॲपर्चर, म्हणजे ज्या वर्तुळातला प्रकाश मोजता ते, वाढवत न्या. ताऱ्याचा प्रकाश एका टप्प्यानंतर वाढायचा थांबतो. धूमकेतूचा वाढतच राहिला, तर कोमा आहे. मात्र धूमकेतू स्थिर धरून अनेक चित्रं एकावर एक रचली (स्टॅक केली) असतील तर ताऱ्यांच्या रेघा झालेल्या असतात. तेव्हा पसाऱ्याची तुलना रेघेच्या आडव्या दिशेनेच करा.

‘सूर्यापासून लांब आहे, म्हणजे शांत असणार’ हेही गृहीत धरू नका. बर्नार्डिनेली-बर्नस्टीन हा धूमकेतू २० खगोलीय एककांपलीकडेही सक्रिय होता. तिथे पाण्याचा बर्फ हलत नाही, पण कार्बन मोनॉक्साइडला तेवढी ऊब पुरते.

अल्बेडोचं म्हणाल तर केंद्रकं कोळशासारखी काळी असतात. १९८६ मध्ये जिओटो यान हॅलेजवळून गेलं तेव्हा सुमारे १५ किमी लांबीचं केंद्रक जेमतेम ४ टक्के प्रकाश परावर्तित करताना दिसलं. ०.०४ च्या जागी ०.१६ घातलंत तर व्यास थेट निम्मा होतो. जमलं तर अवरक्त किंवा मिलिमीटर लहरींतली मोजणी जोडीला घ्या, म्हणजे अल्बेडो अंदाजाने धरावा लागत नाही.

कलाकोन, म्हणजे धूमकेतूपासून सूर्य आणि पृथ्वी यांच्या दिशांमधला कोन, विसरू नका. तो वाढला की केंद्रक अंधुक दिसतं. अंशाला साधारण ०.०४ प्रत धरली, तर २० अंशांवर ०.८ प्रत जाते आणि व्यास ३० टक्क्यांनी कमी येतो. शोधनिबंधात त्रिज्या आहे की व्यास, तेही बघा.

एका रात्रीच्या एका चित्रावर तर मुळीच थांबू नका. केंद्रक स्वतःभोवती फिरतं तशी त्याची चमक बदलते. ६७पी हा धूमकेतू २०१४ मध्ये १२.४ तासांत स्वतःभोवती एक फेरी घेत होता. २००३ मध्ये हबलच्या प्रकाशवक्रावरून (वेळेनुसार बदलणाऱ्या चमकेच्या आलेखावरून) त्याचा आकार रग्बीच्या चेंडूसारखा ठरवला होता. २०१४ मध्ये रोझेटा यान जवळ गेलं आणि समोर आलं दोन गोळे चिकटलेलं बदक.