परसातली लिची झाकायची, वटवाघूळ अडकू न देता

मॉरिशसमध्ये लिची रंगते नोव्हेंबर-डिसेंबरात. नेमकं तेव्हाच इथल्या वटवाघळाची मादी पिल्लाला पोटाशी धरून उडत असते. तिला वर्षाला एकच पिल्लू. फळबागा वाचवायच्या म्हणून 2015 आणि 2016मध्ये काढलेल्या सरकारी मोहिमांत 38,000हून जास्त वटवाघळं मारली गेली. ती तूट लवकर भरत नाही. 2018मध्ये ही जात संकटग्रस्त यादीत गेली. लिची तर बुलबुल, पोपट आणि उंदीरही खातात. बंदुकीने त्यांचं काय होणार?

जाळी घेताना बोटाची परीक्षा करा. करंगळी आत शिरली तर ती नको. ताणल्यावरही भोक 5 मिलिमीटरच्या आत हवं. रंग पांढरा. हे वटवाघूळ अंधारात डोळ्यांवर उडतं, काळी किंवा मासेमारीची बारीक नायलॉन जाळी त्याला दिसत नाही. पंख गुंतला की ते झटापट करतं आणि पडदा फाटतो.

झाड 4 मीटर उंच, 4 मीटर पसरलेलं असेल तर उंची, पसारा आणि पुन्हा उंची: 4+4+4, म्हणजे 12 मीटर. काठाला अर्धा-अर्धा मीटर धरून 13 × 13 मीटर. जाळी फांद्यांवर नुसती टाकू नका. चारी बाजूंना बांबू रोवून, वर आडवे बांधून, फळापासून निदान दीड वीत लांब ताणून बसवा. घोस जाळीला टेकला की वटवाघूळ बाहेरूनच चावतं. ढिली जाळी हाच खरा सापळा. ती इतकी ताठ हवी की वर बसलेलं जनावर उसळून निघून जाईल. काठ जमिनीला दगडांनी दाबा.

फळधारणेआधी झाकू नका, मधमाश्या आत जायला हव्यात. फळ रंगू लागण्याच्या आधी मात्र झाकून व्हायला हवं.

एकट्याने झाकलं की वटवाघळं शेजारच्या झाडावर जातात. म्हणून गल्लीने मिळून शिडी, बांबू घ्यावेत आणि 10 मीटरचं एखादं जुनं झाड उघडं सोडावं. तेवढ्या उंचीवर जाळी नीट बसतही नाही.

रोज पहाटे फेरी मारा. वटवाघूळ अडकलं असेल तर उघड्या हाताने धरू नका. चामडी हातमोजे घाला, डोक्यावर जाड टॉवेल टाका, जाळी ओढण्याऐवजी कापा. पोटाशी पिल्लू आहे का बघा. पंखाची जखम कधी दोन-चार दिवसांनी उघडी पडते, म्हणून लगेच सोडून न देता वन्यजीव खात्याला कळवा.

तोडणी संपली की जाळी त्याच आठवड्यात उतरवा, आणि झाड छाटून 4 मीटरवर आणा.