पियानोचं रेकॉर्डिंग सपाट ऐकू येतं? माझा अनुभव

दादरच्या छोट्या कार्यक्रमातलं माझं पियानोवादन मोबाइलवर रेकॉर्ड करून बाईंना पाठवलं. उत्तर आलं, "सगळं एकाच जोरात वाजवलंयस." ऐकलं तर खरंच: हळू जागी पंख्याची घरघर वर येते, जोराच्या स्वरानंतर आवाज दबतो. घरी फोन लांब ठेवून पाहिला, पंखाही बंद केला (मुंबईत, मे महिन्यात!). फरक शून्य.

दोष ऑटो गेनचा, म्हणजे हळू आवाज आपोआप वाढवणाऱ्या आणि मोठा आवाज दाबणाऱ्या सोयीचा. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये आधी ऑटो गेन आणि नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणारी सोय) बंद केलं. मग फाइलसाठी वेव्ह फॉरमॅट (आवाज न दाबता साठवणारा), सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोराची ओळ वाजवून रेकॉर्डिंगची लेव्हल उणे ६ डेसिबलच्या खाली (मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा) बसवली आणि नंतर हलवली नाही. पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडली, म्हणजे ती वाटेत दाबली जात नाही.

बाईंचं नवं उत्तर: "आता चढउतार कळतात. डावा हात घाई करतोय."