प्रभागातील बाग आणि आळी पुन्हा नांदती कशी करावी : किनारपट्टीवरील नव्या नगरसेवकांसाठी

नगरपरिषदेवर नव्याने निवडून आलेल्या सदस्याला आपल्या प्रभागातील बाग, मैदान आणि आळीतील वाटा सुधाराव्यात असे मनापासून वाटते. हे काम त्याच्या कक्षेतलेच आहे, कारण ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीच्या १८ विषयांत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कोकणात मात्र या कामाची सुरुवात जुलैमधील पायपिटीने करावी, असे दोन कार्यकाळांच्या अनुभवावरून मी आग्रहाने सांगेन.

माझ्या पहिल्या कार्यकाळात आम्ही एका बागेत हिरवळ, पेव्हर ब्लॉक आणि कारंजे यांवर मोठा निधी खर्च केला. स्थळपाहणी एप्रिलमध्ये झाली होती. वरच्या वाडीतून येणाऱ्या पऱ्याचे, म्हणजे लहान ओढ्याचे, तोंड नव्या कुंपणभिंतीने बुजले आणि पहिल्याच मोठ्या पावसात तो पऱ्या बागेतून वाहू लागला. ब्लॉकखालची वाळू निघून गेली, ब्लॉक वरखाली झाले आणि कारंज्याच्या हौदात दिवाळीपर्यंत डास होत राहिले. अंदाजपत्रकात पाणी बाहेर काढणारी मोरीच धरलेली नव्हती आणि सभेत त्या विषयाला अनुमोदन मी दिले होते. त्या उन्हाळ्यात आजोबांचा हात धरून बागेत येणारी मुले पुढच्या वर्षी आली नाहीत, याची खंत मला आजही आहे.

म्हणून पाऊस लागलेला असताना, एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला, प्रभाग पायी फिरावा. खाडीलगतच्या सखल भागात भरतीच्या वेळी गटाराचे पाणी मागे फिरते आणि ओहोटीला पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बांधकाम विभागाचे अभियंता, स्वच्छता निरीक्षक आणि त्या आळीत जन्म काढलेली एखादी वयस्कर व्यक्ती, एवढी माणसे बरोबर असावीत. पाणी कोठून येते, कोठे तुंबते, कोणती जुनी मोरी कोणाच्या अंगणाखाली गेली, हे नकाशाच्या प्रतीवर तिथल्या तिथे पेन्सिलीने मांडावे आणि तारखेसह छायाचित्रे काढावीत. पुढे निविदेच्या वेळी हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो.

पावसाळा सरेपर्यंत कार्यालयात बसून विकास आराखडा वाचावा. बाग किंवा मैदान यासाठी आरक्षित असलेल्या जागांपैकी किती नगरपरिषदेच्या ताब्यात आहेत, याची यादी नगररचना विभागाकडून लेखी मागावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात येऊन १० वर्षे होऊनही जागा संपादित झाली नसेल, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. अशा नोटिसा फाइलमध्ये पडून राहतात आणि गावाचे मैदान कोणाच्याही लक्षात न येता हातचे जाते. आलेल्या नोटिसांची स्थिती प्रत्येक सर्वसाधारण सभेत विचारावी. जागा समुद्राजवळ असेल, तर सागरकिनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारी पट्ट्याची, रेषा कोठून जाते, हे पक्के बांधकाम सुचवण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

कार्यपद्धतीबद्दल थोडक्यात सांगतो. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार ठराव सभेने करावयाचा असतो आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांनी करावयाची असते. त्यामुळे मुकादमाला परस्पर सांगून कामे उरकून घेण्याची सवय लावून घेऊ नये. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, तेव्हा आपली मागणी डिसेंबरमध्येच लेखी द्यावी. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश या पायऱ्यांना महिने लागतात, आणि आपल्याकडे बांधकामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच असतो. कार्यादेश मार्चमध्ये निघाला, तर काम पावसात सापडणार हे धरून चालावे.

राज्य शासनाच्या नगरोत्थान महाअभियानासारख्या योजनांतून बाग उभी राहू शकते. माळी, पाणी, दिवे आणि रोज सकाळी फाटक उघडणारा माणूस यांचा खर्च मात्र बहुधा नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. म्हणून आराखडा काढण्याआधी वर्षभराच्या देखभालीचा हिशेब मांडावा आणि तेवढी तरतूद अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली मिळत नसेल, तर बाग तेवढ्या प्रमाणात लहान करावी. झाडून निघणारी, सावली असलेली आणि सायंकाळी दिवे लागणारी दोन गुंठ्यांची जागा मला कुलूपबंद मोठ्या उद्यानापेक्षा मोलाची वाटते. खत विकत आणण्याची गरज सहसा पडत नाही, ते ओल्या कचऱ्यापासून तयार करता येते. वेंगुर्ला नगरपरिषदेने ओल्या कचऱ्याचा उपयोग करत आपल्या कचरा डेपोचाच असा कायापालट केला, की लोक तो पाहायला येऊ लागले.

साहित्य निवडताना खाऱ्या वाऱ्याचा विचार आधी करावा. झोपाळ्याची साखळी जेथे वरच्या कड्यात अडकते, ती जागा हाताने चाचपून पाहावी: रंग शाबूत दिसत असतो, पण नख लावले की गंजाचे पोपडे सुटतात आणि आतली कडी काडीएवढी झिजलेली आढळते. त्यामुळे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, आणि तेही वर्षातून दोनदा तपासण्याची अट, निविदेतच लिहून घ्यावी. कठडे, पार आणि पायऱ्या यांसाठी जांभ्याचा चिरा उत्तम.

झाडांच्या बाबतीत ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाचा धडा विसरू नये. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यात माड, पोफळी आणि आंब्याची कलमे आडवी झाली. बागेसाठी उंडी, भेंडी, करंज, बकुळ, सुरंगी अशी इथल्या मातीची झाडे निवडावीत. वाऱ्याच्या तोंडाशी उंडी आणि भेंडी लावाव्यात, कारण त्या किनाऱ्यावरच वाढणाऱ्या आहेत. कातळावर खड्डा मारला की तो पावसात विहिरीसारखा भरतो आणि मुळे कुजतात. खड्ड्याच्या उताराकडील अंगाला वीतभर रुंदीचा चर काढून पाणी बाहेर सोडावे. उभे झाड आराखड्याच्या आड येत असेल, तर आराखडा वळवावा. ते तोडण्यास झाडांच्या संरक्षणासाठीच्या १९७५ च्या अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, शिवाय त्याची सावली नव्या रोपाला तुमच्या कार्यकाळात देता येणार नाही.

वस्तीतील जुन्या जागांना हात लावण्यापूर्वी त्यांचा वर्षभराचा वापर समजून घ्यावा. शिमग्यात पालखी ज्या सहाणेवर बसते ती सहाण, जाळी पसरण्याची कोळीवाड्यातील मोकळी जागा, शाळेची मुले उतरतात ती पाखाडी (चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट), या सर्व आधीपासूनच गावाच्या बागा आहेत. पाखाडीवर गुळगुळीत टाइल बसवू नये. शेवाळ धरले की म्हातारी माणसे घसरतात. निखळलेले चिरे पुन्हा बसवावेत, कडेने उघडे गटार आणि एका बाजूला हाताला धरायला कठडा द्यावा. या कामाला खर्च कमी येतो आणि त्याचा उपयोग रोज होतो. आराखडा पक्का करण्यापूर्वी आळीतील बायकांची बैठक संध्याकाळी, त्यांच्या सोयीच्या वेळी घ्यावी. दिवा कोठे हवा आणि शौचालय कोठे नको, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगत नाही.

काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी मोजमाप पुस्तिका मागवून प्रत्यक्ष जागेवर टेप लावावी. दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाच्या मुदतीत, किमान एक पूर्ण पावसाळा येईल अशी अट ठेवावी आणि त्या पावसाळ्यात पेन्सिलीच्या खुणांचा तोच नकाशा घेऊन पुन्हा फिरावे. जेथे पाणी तुंबलेले दिसेल, तेथील छायाचित्र जोडून मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि दुरुस्ती होईपर्यंत ठेकेदाराची अनामत परत करू नये, अशी स्पष्ट मागणी त्या पत्रातच करावी.